बंद इंजिनावर पाहिलेलं तेल

देवावर माझा विश्वास कायम होता, पण त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटावी असे दिवस मी काढले आहेत. कारण एकच, परब. चिंचपोकळीच्या ज्या वर्कशॉपात मी तीस वर्षं लोडर आणि डोझरचे गिअरबॉक्स उघडले, तिथे हा पस्तिशीचा माणूस आला आणि दोन वर्षांत मालक मला काही विचारायचेच बंद झाले. मी कानाने दोष ओळखायचो, तो प्रेशर मोजून आकडा दाखवायचा. आकडा बरोबर निघायचा, हे जास्त झोंबायचं. बायको म्हणायची, "अहो, तो तुम्हाला काका म्हणतो, तुमच्या पोटात का दुखतं?" दुखायचं खरं.

त्या दिवशी परळच्या साइटवरचा लोडर आला. थंड असताना ठीक चालायचा, तापला की गिअर टाकूनही जागचा हलायचा नाही. परबने मोजलं तर गरम झाल्यावर गिअरबॉक्समधल्या तेलाचं प्रेशर कोसळत होतं. तेल कमी असलं तरी असंच होतं, म्हणून त्याने मला विचारलं, "काकानू, तेलाची लेव्हल बघितलात?" मी "बरोबर आहे" म्हणालो. तेल मोजायची पट्टी मी पाहिली होती, पण इंजिन बंद ठेवून. या गाड्यांच्या गिअरबॉक्सचं तेल इंजिन तापवून, ते चालू असतानाच बघायचं असतं. बंद केलं की वरचं तेल खाली उतरतं आणि पट्टी खोटी, जास्तीची लेव्हल दाखवते. नवीन माणसाला हे मी पहिल्याच दिवशी शिकवतो. परबच्या कामाला हात लावावा लागतो म्हणून त्या दिवशी रागारागात उरकलं होतं. बोलताबोलताच चूक लक्षात आली. "तुमी बघितलात, मगे झाला," म्हणून तो वळला आणि अख्खा गिअरबॉक्स उतरवायचं ठरलं. तेलच कमी असणार, आत सगळं धडधाकट निघणार आणि मालकासमोर तो तोंडघशी पडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी मूग गिळून गप्प बसलो. खरं सांगतो, बरं वाटलं.

मोठं काम सुरू करण्याआधी आमच्या वर्कशॉपात कोकणातल्या रवळनाथाच्या तसबिरीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी दर मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. वयाने मोठा म्हणून मागायचा मान माझा. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो परब मोठा काम हातात घेता, तेका यश दी रे म्हाराजा," इथवर म्हणालो. बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणाले. पुढची मागणी असते, कोणाच्या मनात वाकडं असेल तर ते दूर कर. इतक्या वर्षांची पाठ असलेली ती ओळ तोंडातून येईना. मी नुसता उभा होतो, आणि तरीही सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" सवयीने म्हणाले असतील. पण मी न उच्चारलेलं कुणीतरी ऐकलं, असं मला वाटलं आणि मी परबकडे वळलो.

"परब, थांब," मी म्हणालो. "तेल मी इंजिन बंद ठेवून बघितलं. कळल्यावरही तुला सांगितलं नाही. मुद्दाम."

परबने इंजिन तापवलं, चालू ठेवूनच पट्टी काढली, तर टोकाला ओशटपणा तेवढा. तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपचा क्लॅम्प ढिला होता आणि गळती साइटच्या चिखलात लपली होती. क्लॅम्प आवळून तेल भरलं. संध्याकाळपर्यंत लोडर तापूनही मागेपुढे धावत होता. मालक परबच्या पाठीवर थाप मारून गेले. ती थाप मला लागलीच, खोटं कशाला बोलू?

परब हात पुसत माझ्याकडे आला. आता याचा विश्वास कायमचा गेला असं धरून मी मान खाली घातली होती. तो म्हणाला, "काकानू, उद्या डोझर येतलो. लेव्हल तुमीच बघा."

मी तिथेच रडलो. हेवा अजून गेलेला नाही. पूर्वी तो जावा म्हणून देवाकडे हट्ट धरायचो, आता आहे तसा त्याच्या पायाशी ठेवतो. ज्याचं वाईट व्हावं म्हणून मी वाट पाहिली, त्याच्याच तोंडून देवाने मला क्षमा पाठवली. याहून जास्त मागायला माझ्याकडे तोंड नाही.