चार पार्सलं आणि ताईची सही

भुसाशेठ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लेथवर लाकूड कातता कातता भुवया, कान, शर्टाचा खिसा सगळं भुशानं भरून जायचं, म्हणून गल्लीनं त्याला चिकटवलेलं नाव. शेठ म्हणावं असं त्याच्याकडे एकच होतं, ऐट. खाटांचे पाय, जिन्याचे कठडे, कपाटांच्या मुठी, आयुष्यभर हेच कातलं. अलीकडे लोक लोखंडी खाटा घेतात, जिन्याला स्टील लावतात, त्यामुळे लेथ बराच काळ गप्पच असे. त्याचं वाईट वाटत असलं तरी भुसाशेठ ताकाला तूर लागू देत नसे. त्याला घोर होता तो ताईचा.

ताई म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनंच त्याला वाढवला, हात धरून अक्षरं गिरवून घेतली, आणि पुढे शाळेत शिकवायला लागून अर्ध्या वस्तीचं अक्षर वळणावर आणलं. निवृत्तीनंतर तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी कपातला चहा हिंदकळायचा, मग अक्षर हिंदकळायला लागलं. एक दिवस बँकेत पेन्शन काढायला गेली तर सही जुळेना. पुन्हा केली, ती आणखीच वेगळी. काउंटरवरचा माणूस भला होता. आवाज खाली आणून म्हणाला की अंगठा देऊन टाका, कायमचं काम होईल. ताईनं पर्स बंद केली आणि सरळ घरी आली. जन्मभर लोकांना सही शिकवली, आता मी अंगठेबहाद्दर होऊ का, एवढंच तिनं भावाला सांगितलं.

तेव्हापासून पेन्शन बँकेत पडून होती आणि ताई औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून घेत होती. भाऊ पैसे द्यायला गेला की विषय बदलायची, फारच रेटलं तर दार दाखवायची. हट्ट तरी किती करावा माणसानं! पण ताईला हे सांगणार कोण? भुसाशेठची तर छातीच नव्हती.

ताईच्या डॉक्टरांकडून त्याला एवढं कळलं की जाड आणि जड पेन असेल तर कापरा हात थोडा ठरतो. झालं. आपण कातारी, आणि आपल्याला पेन जमू नये? त्यानं सागाचा जाडजूड तुकडा कातून मधे रिफिल बसवली. रिफिल आत डुगडुगायला लागली, आणि पेन हातात घ्यावं तर पिसासारखं हलकं. मग मोबाइलवर शोधाशोध करताना त्याला पेन बनवायची किटं सापडली. पितळेची नळी, टोपण, क्लिप, रिफिल फिरवणारा खटका, नळीच्या मापाचं गिरमिट, सगळं तयार मिळतं. आपण फक्त लाकडाला भोक पाडून नळी चिकटवायची आणि वरून कातायचं. हवं तसं जाड आणि वजनदार किट इथे कुठे मिळेना. मिळालं ते सातासमुद्रापार, आणि तो विक्रेता डझनाखाली बोलेना. भुसाशेठनं डझन मागवायचं ठरवलं. ताईला सांगितलं की जाडजूड पेनांची ऑर्डर आलीय. बऱ्याच दिवसांनी लेथला काम मिळालं म्हणून ताईचा चेहरा उजळला, आणि भुसाशेठला आपण खोटं बोललो याचं काही वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोटाळा झाला तो सल्ल्यामुळे. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला जगातल्या सगळ्या विषयांतलं कळतं, असं त्याचं स्वतःचं मत. तो म्हणाला, मोठं पार्सल कस्टमवाले हमखास धरतात, चार छोटी पार्सलं मागव, अलगद सुटतील. भुसाशेठला पटलं. त्यानं विक्रेत्याला कळवलं, माल चार भागांत पाठवा. आणि पत्ता दिला ताईचा, नावही ताईचंच, कारण त्याच्या दुकानाला ना पाटी ना नंबर, कुरियरवाला दर वेळी गल्लीच्या तोंडावरूनच परत जायचा.

विक्रेता माणूस शब्दाला पक्का निघाला. त्यानं खरोखरच चार भाग केले. पण तीन तीन किटांचे नव्हेत. सगळ्या पितळी नळ्या एका पार्सलात, सगळी टोपणं आणि क्लिपा दुसऱ्यात, भोक पाडायची गिरमिटं तिसऱ्यात आणि रिफिलचे खटके चौथ्यात. म्हणजे चारही सुटल्याशिवाय एकही पेन होणार नाही!

कुरियरच्या ऑफिसात भुसाशेठ गेला तेव्हा काचेपलीकडच्या बाईंनी त्याच्यासमोर चार बिलं मांडली. तो एक वाचायचा, दुसरं वाचायचा, पुन्हा पहिल्याकडे यायचा. नळ्यांवर कर लागला होता तो नळ्या-पाइप म्हणून. क्लिपांना सोनेरी मुलामा, म्हणून त्या शोभेच्या वस्तूंत गेल्या. गिरमिटं हत्यारांत आणि खटके यंत्राच्या भागांत. प्रत्येकाचा दर निराळा, शिवाय प्रत्येक पार्सलामागे हाताळणीचा आकार चार वेळा. सगळं धरून किटांच्या किमतीपेक्षा जास्त होत होतं.

त्यानं विचारलं, अहो, यात पेन कुठंय? बाई शांतपणे म्हणाल्या की पेन आलेलंच नाही, या चार वस्तू आल्यात. एकत्र आलं असतं तर ते पेनाचं सामान झालं असतं. भुसाशेठला हे ऐकू आलं, समजलं मात्र काही नाही. तीच नळी, तीच क्लिप, एका खोक्यात असती तर पेन आणि चार खोक्यांत असली तर पाइप आणि दागिना? त्याचं डोकं गरगरलं. बाईंनाही ते पुरतं पटलेलं दिसत नव्हतं, पण त्यांनी काही तो नियम केला नव्हता. त्यांनी पाणी दिलं. तो पैसे भरायला तयार झाला. हार्डवेअरवाल्याला मनात दोन शिव्या हासडल्या आणि खिशात हात घातला.

तेव्हा बाईंनी चार कागद पुढे केले. पार्सलं ज्यांच्या नावावर आहेत त्यांची सही लागेल, म्हणाल्या, ओळखपत्रावर आहे तशीच. जुळली नाही तर साक्षीदारासमोर अंगठा चालेल.

भुसाशेठ तिथल्या बाकावर बसला. सही करता यावी म्हणून पेन. पेन यावं म्हणून सही. हे त्यानं मनात उलटसुलट करून पाहिलं, पण कुठूनही धरलं तरी ते तिथेच येऊन थांबत होतं. एकदा वाटलं, आपणच करावी ताईची सही. अक्षर तिनंच तर शिकवलंय, वळण तेच. त्यानं बिलाच्या पाठीमागे करूनही पाहिली. अगदी हुबेहूब आली, आणि त्याला स्वतःचीच इतकी शरम वाटली की तो कागद त्यानं फाडून खिशात कोंबला.

शेवटी सहीचे ते चारही कागद घेऊन तो ताईकडे गेला. पार्सलं तुझ्या नावावर मागवली, माझी चूक झाली, आता अडलीत, एवढंच त्यानं सांगितलं. अंगठ्याचं तोंडातून निघेना, पण ताईनं कागद वाचला. आयुष्यभर वह्या तपासलेली बाई, तिच्या नजरेतून काय सुटणार? शेजारच्या काकूंना साक्षीला हाक मारायला तिनं त्यालाच पिटाळलं. काकू येईपर्यंत शाईचं पॅड टेबलावर होतं. भुसाशेठ म्हणाला, राहू दे ताई, बघू दुसरं काहीतरी.

"बँकेत माझं काम होतं, म्हणून मी थांबले," ताई म्हणाली. "हे तुझं काम आहे. ते कशाला अडायला हवं?"

आणि तिनं पहिल्या कागदावर अंगठा दिला. मग दुसऱ्यावर. जो द्यायचा नाही म्हणून गोळ्या अर्ध्या केल्या, तो अंगठा ती आपल्या खोट्या ऑर्डरसाठी देतेय, हे भुसाशेठ बघत होता आणि त्याला ओरडावं की रडावं हे कळत नव्हतं. तिसऱ्यावर देऊन तिनं सहज विचारलं की एवढी जाड पेनं कोण वापरणार बाबा.

काकू एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या.

"एक बाई आहेत," तो कसाबसा म्हणाला. "हात कापतो त्यांचा. सही जुळत नाही. आणि अंगठा देणार नाही म्हणून हटून बसल्यात."

ताईनं पॅडवर टेकवलेला अंगठा उचलून घेतला. मग चौथा कागद तिनं हातानं बाजूला सारला. हा राहू दे, म्हणाली, पेन झालं की यावर सही करीन.

आता आली का पंचाईत! भुसाशेठनं अगदी हलक्या आवाजात सांगितलं की रिफिलचा खटका या चौथ्यातच आहे, तो आल्याशिवाय पेन होत नाही. ताईला आधी समजलंच नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, बोटांनी नळी आणि खटका दाखवून. मग ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि भुसाशेठला वाटलं हसायला हरकत नाही, पण त्याला काही हसू येईना.

"मूर्खा, आधी विचारायचं होतंस मला," ती म्हणाली. "पेन मात्र नीट कर. बँकेत मी सहीच करणार."

तिनं कागद जवळ ओढला, आणि तो हलू नये म्हणून भावाला दोन्ही बाजूंनी धरायला सांगून त्यावर चौथा अंगठा दिला.