रविवारची फणी
उवांवर लावतात त्या करंजाच्या तेलाचा वास आला की अक्कलकुव्याच्या मुलींच्या वसतिगृहातली एक दुपार आठवते. दर रविवारी मी तिथे मुलींच्या उवा काढायला जायची, आपणहून, बिनपगारी. त्या दुपारी तिसावं डोकं विंचरून झालं तेव्हा पाठ पार मोडून आली होती. आता पुन्हा यायचं नाही, असं मी तिथल्या स्वयंपाकीणबाईंना सांगून टाकलं. त्या हात पुसून माझ्यामागे बसल्या, माझा अंबाडा सोडला आणि फणी घेतली. म्हणाल्या, "इतल्या पोरीस्नं डोकं पाह्यं, तुन्हं कोन पाही, माय?" त्यांची खरबरीत बोटं केसांतून फिरत होती, तोवर बसल्या बसल्याच माझा डोळा लागला. आता त्या नाहीत. मी अजून जाते, दमते, आणि विंचरता विंचरता एखाद्या मुलीला झोप लागली की हात थांबवून तशीच बसून राहते.