हात लावून पाहणारा शिंपी

अकोल्यात माझा कोट शिवणारा शिंपी कापड चिमटीत चोळल्याशिवाय त्याबद्दल अवाक्षर बोलत नसे. गावातल्या कापड गिरणीचे स्वस्तातले शेअर आम्ही दोघांनीही घेतले होते, त्याच्या बऱ्याच गिऱ्हाइकांनीही. माझे मास्तरकीच्या पहिल्या पगारातले. एक दिवस दलाल दुकानात येऊन म्हणाला, "गिरणीचा बॉयलर फुटला. आजच विकून टाका." मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए.; तरी शेअरचे कागद आणायला उठलोच.

"थांबा मास्तर," म्हणत शिंपी मशीन सोडून गिरणीकडे गेला. तासाभराने आला तो केसांत कापूस अन् तळहातावर फोड घेऊन. "बॉयलर तं चालू हाय. हात लावून आलो."

मग येईल त्या गिऱ्हाइकाला तो फोड दाखवत राहिला. कोणीच विकलं नाही. दलालाने मात्र जवळ नसलेले शेअर आधीच विकून ठेवले होते. भाव पाडून आमच्याकडून ते घ्यायचा त्याचा बेत होता. विकलेले शेअर हवाली करायच्या वायद्याच्या दिवशी तोच दुप्पट भाव घेऊन आला. "द्या ना बाप्पा, इज्जतीचा सवाल हाय."

"आपल्यापाशी नाई ते इकलं काहून?" शिंपी हसला. त्याने चार शेअर दिले, आणि दलालाने दिलेली राजाच्या चित्राची नोट चिमटीत दोनदा चोळून पाहिली.