डावीकडचा ब्रेक

इथले अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगू? निम्मे वाचून हसते. आमच्या घरात भुताखेतांना कधी थाराच नव्हता. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातले सगळे गंडेदोरे गोळा करून नाल्यात सोडून दिले होते. वडील अमरावतीला शाळामास्तर होते, ते तर मुद्दाम अमावस्या बघून नव्या घरात राहायला गेले. त्यांची मी मुलगी. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे... पण लिहिते.

लग्नानंतर मी अकोल्यात आले. मोटर ड्रायव्हिंग स्कूल चालवते, जास्त करून बायका-मुलीच शिकायला येतात. ज्यांनी कधी क्लास लावला असेल त्यांना माहीत आहे – आमच्या गाडीत डावीकडेही क्लच आणि ब्रेक असतात. शिकणारी उजवीकडे, मी डावीकडे. ती गोंधळली की ब्रेक मी दाबायचा. माझ्या गाडीचा हा डावीकडचा ब्रेक जरा सैल होता. आधी नुसताच खाली जायचा, मग धरायचा. मला त्याची इतकी सवय की नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसले तरी माझा पाय दाबला जातो आणि तो म्हणतो, "मॅडम, लायसन आहे बरं माझ्याजवळ."

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षीची गोष्ट. हिवाळा सरत आला होता. आपोआप चालणाऱ्या गाडीची चाचणी घ्यायला पुण्याची एक छोटी कंपनी अकोल्यात आली. नाव सांगत नाही. दोघंच जण होते – अद्वैत, म्हणजे कंपनीचा मालक, आणि निखिल, जो दिवसभर लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसायचा. दोघंही माझ्या भाच्याच्या वयाचे, वागायला गोड. गाडी स्वतः चालणार, पण चुकलीच तर ब्रेक दाबायला स्टेअरिंगमागे कोणीतरी माणूस हवा. त्यासाठी त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, हे तर माझं रोजचंच काम आहे. शिकाऊ मुलीऐवजी शिकाऊ गाडी, एवढाच फरक.

बार्शीटाकळीच्या अलीकडे एक फाटा लागतो, तिथून आत जाणारा रस्ता त्यांनी निवडला. "सरळ आहे, रिकामा आहे, इथे कोणी नसतं," अद्वैत म्हणाला. कोणी नसतं! दोन्ही बाजूंना शेतं, पुढे गाव, गावात शाळा... मी विचारलं, "परवानगी आहे ना?" तर म्हणे, "प्रोसेसमध्ये आहे, मॅडम."

पहिलं अडलं ते तुरीवर. त्या वर्षी मळणीयंत्र बोलावणं बऱ्याच जणांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. मग लोक कापलेली तूर सरळ डांबरी रस्त्यावर पसरायचे. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात, दाणे मोकळे होतात. आमची गाडी मात्र तूर दिसली की जागीच थांबायची. शेतातून कोणीतरी ओरडायचं, "थांबता काहून जी? जाऊ द्या ना वरून! त्याच्यासाठीच तं टाकली!" शेवटी निखिलने गाडीला शिकवलं की तूर म्हणजे रस्ताच, जायचं वरून. त्यात वावगं काही नव्हतं, आम्ही सगळेच जातो. फक्त मी माझ्या मुलींना सांगते, तूर दिसली की गाडी हळू घ्या, आसपास कोणी आहे का बघा. हे बघणं गाडीला कसं शिकवणार, असं मी निखिलला विचारलं. तो म्हणाला, "पुढच्या व्हर्जनमध्ये."

मग एके दुपारी अद्वैतला व्हिडिओ काढायचा होता. पैसे लावणाऱ्या लोकांना दाखवायला. आणि त्यात ड्रायव्हरची सीट रिकामी दिसायला हवी होती.

मी सरळ नाही म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, मागच्या सीटवर आम्ही दोघं आहोत. निखिलच्या हाताशी स्टॉपचं बटण आहे. तुम्हाला वाटलं तर उतरा, आम्ही जाऊन येतो." म्हणजे मी नसले तरी हे जाणारच. मी उतरले नाही. डावीकडे जाऊन बसले. "सीट पूर्ण मागे घ्या, म्हणजे तुम्ही फ्रेममध्ये येणार नाही." घेतली. माझे पाय समोर कशालाच टेकत नव्हते. पायाखाली रबरी मॅट, दुसरं काही नाही. ही काही माझ्या क्लासची गाडी नव्हती, इथे डावीकडे ब्रेक असण्याचा प्रश्नच नव्हता.

गाडी निघाली. स्टेअरिंग आपलं आपण हलत होतं. लख्ख ऊन, रस्ता मोकळा. एक छोटा चढ ओलांडल्यावर अर्ध्या रस्त्यावर तूर पसरलेली दिसली आणि तिच्या या टोकाला गोणपाटांचा एक ढीग. गाडीने वेग कमी केला नाही. का करेल? तिच्या लेखी तो रस्ताच होता.

आणि त्या गोणपाटाखाली मला पाऊल दिसलं. माणसाचं पाऊल, टाच वर केलेली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आणि माझा पाय सवयीने खाली गेला...

इथून पुढचं मी जसं घडलं तसंच सांगते. माझ्या चपलेखाली ब्रेक होता. मॅट नाही, गाडीचा पत्रा नाही – ब्रेक. आधी सैल गेला, मग त्याने धरलं. माझ्या गाडीच्या ब्रेकसारखं नव्हे, तोच ब्रेक. मी सगळा जोर लावून दाबला, गुडघ्यापर्यंत कळ गेली. टायर किंचाळले, गाडी थरथरली आणि थांबली. गोणपाट बंपरपासून हातभर लांब होतं.

मी पाय उचलून खाली बघितलं. मॅट होती. नुसती मॅट.

मागे वळून पाहिलं तर अद्वैतच्या हातातला कॅमेरा खाली पडलेला. निखिल पांढराफटक. तो पुटपुटला, "मी काहीच केलं नाही... मला बटण दाबायला जमलंच नाही. आणि गाडीला तर नुसती तूरच दिसत होती."

मी दार उघडून धावले. गोणपाट बाजूला सारून एक म्हातारी उठून बसली, डोळे चोळत. त्या हलीमाबी. तूर राखायला बसल्या होत्या, ऊन लागलं म्हणून गोणपाट अंगावर ओढून लवंडल्या आणि डोळा लागला. "या अल्ला! काहून बोंबलून रायली वं बाई?" त्या मलाच रागावल्या. मला रडू आवरेना. मी त्यांचे हात धरून तिथेच तुरीत बसले.

टायरचा आवाज ऐकून शेतातून त्यांचा मुलगा पळत आला, शकीलभाऊ. आधी आईला चाचपून बघितलं. मग गाडीकडे बघितलं. मग रिकाम्या सीटकडे.

"ड्रायव्हर कुठी गेला?"

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"अरे गाडी कोन चालवून रायला होता?"

अद्वैत तेवढ्यात सावरला होता. "कोणीच नाही, काका. ही गाडी स्वतः चालते. तिनेच पाहिलं आणि तिनेच थांबवलं." निखिलने लॅपटॉप मिटला. हलीमाबी उठल्या, गाडीच्या बॉनेटवर हात फिरवून म्हणाल्या, "बैलापेक्षा समजदार हाय रे बाबा." आजूबाजूची चार माणसं जमली, कौतुकाने गाडी बघू लागली. अद्वैत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बघितलंत मॅडम? आता पुढच्या आठवड्यात अमरावती रोड. असंच, रिकाम्या सीटने."

अमरावती रोड. ट्रक, एसटी, सायकलवरच्या शाळेच्या पोरी... माझं माहेर त्याच रस्त्यावर आहे. माझी आई रोज तो रस्ता ओलांडून भाजी आणायला जाते.

गप्प बसले तर गाडीला न केलेल्या कामाची शाबासकी मिळणार आणि ही सीट कायमची रिकामी राहणार. आणि खरं बोलले तर? नसलेला ब्रेक दाबणाऱ्या बाईकडे आपल्या मुली शिकायला कोण पाठवेल? मी घाबरले होते, हे कबूल करते. पण समोर ती म्हातारी बॉनेट कुरवाळत होती आणि ते मला बघवेना.

"शकीलभाऊ, गाडीनं नाई थांबवलं," मी म्हटलं. "गाडी तुमच्या मायच्या अंगावरून जानार होती. मी ब्रेक दाबला."

"तुमी तं या बाजूले बसल्या होत्या."

"हो."

त्यांनी डावीकडचं दार उघडलं, वाकून मॅट उचलली, खाली हात फिरवून बघितलं. "इथी तं काईच नाई, बाई."

"नाई. काईच नाई. पन मी दाबला."

मला वाटलं आता हसतील. कोणी हसलं नाही. शकीलभाऊंनी मॅट होती तशी नीट ठेवली. मग अद्वैतसमोर जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. फक्त विचारलं, "आन थांबली नसती, तं मी कोनाले धरलं असतं? गाडीले?"

अद्वैत उजवीकडचं दार उघडून स्वतः स्टेअरिंगवर बसला, पट्टा लावला, आणि अकोल्यापर्यंत गाडी हाताने चालवत आणली. वाटेत आणखी एका ठिकाणी तूर होती. तिथे तो खाली उतरला, तुरीतून चालत पलीकडे गेला, परत आला, मगच गाडी काढली. अमरावती रोडची चाचणी झाली नाही. पुढे त्यांनी कुठे काय केलं मला ठाऊक नाही.

माझ्या क्लासच्या दोघी-तिघींनी यायचं सोडलं. "मॅडमले काहीतरी झालं," असं एकीचे वडील माझ्या नवऱ्याला सांगून गेले. नवरा पहिल्यांदा हसला, मग माझा सुजलेला गुडघा बघून बर्फ आणायला उठला. मेकॅनिकला विचारलं, निखिलला नंतर फोन करून विचारलं. गाडीने थांबायचं काही कारण नव्हतं, असंच दोघंही म्हणतात. वडील असते तर त्यांनी मला समोर बसवून एकेक शक्यता खोडून काढली असती. मी माझ्या परीने तेच केलं आणि शेवटी हातात काहीच उरलं नाही. आजही मी भुतावर विश्वास ठेवत नाही. त्या दुपारी माझ्या पायाखाली काय होतं, तेही मला माहीत नाही.

कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त भास झाला असेल असं म्हणू नका. भासाने गाडी थांबत नाही. हलीमाबी अजून धडधाकट आहेत, मागच्या ईदेला त्यांच्या हातचा शीरखुर्मा खाऊन आले मी.