तरसांचा नकाशा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. वैताग येतो हो स्वतःचा! एवढीशी गोष्ट, आणि इतकी वर्षं घशात अडकून बसलीय.

दोन हजार सालानंतरचे दिवस. मी भिवंडीत शाळामास्तर. जंगली जनावरांची नोंद करणाऱ्या एका संस्थेने माझ्या हातात जीपीएसचं यंत्र ठेवलं. गावकऱ्यांनी जनावर कुठे दिसलं ते सांगायचं, मी त्याच जागी उभं राहून बटण दाबायचं — की नकाशावर ठिपका. सोपं ना? सोपं कसलं, डोंबल!

कारण अकलोलीकडच्या एका गावात वनिताताई होत्या. बचत गटाच्या प्रमुख, आवाज खणखणीत. रविवार उजाडला की फोन — "सर, तरस आल्ता पाण्यावर. या लवकर!" टेकडीवरच्या पाणवठ्यावर तरसं यायची, आणि त्याच टेकडीवर दगडखाण येऊ घातली होती. नकाशावर तिथे ठिपके दिसले तर खाण अडेल, एवढीच त्या बाईची आशा. मला वाट दाखवून त्या शेतावर जायच्या. आणि मी? ते ऊन, ते करवंदीचे काटे — डोकं फिरायचं माझं. या जनावरांना माझाच रविवार बरा सापडतो?

मग गावात सभा झाली. वनखात्याचे साहेब आले, पडद्यावर नकाशा लागला. सगळे ठिपके डांबरी रस्त्यावर, एका ओळीत. पाणवठ्यावर एकही नाही. मागून कुणीतरी म्हणालं, तरसं काय एसटीची वाट बघतात? सगळे हसले. हसलो मीही — काय करणार होतो?

वनिताताई उभ्या राहिल्या. "सर, तुमी सांगा ना यांना. तुमी वर जाऊन आलात ना? तरस हाय का न्हाय तिथं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "ताई, यंत्र खोटं बोलत नाही."

त्या खाली बसल्या.

यंत्र खरंच खोटं बोलत नव्हतं. मी एकदाही वर चढलो नव्हतो. रस्त्याकडेला स्कूटर लावायची, तिच्यावर बसल्या बसल्या बटण दाबायचं, आणि घरी. पुढे गावाने त्यांना 'तरसवाली' म्हणून चिडवलं, गटाचं प्रमुखपदही काढून घेतलं. हे सगळं मला कळत होतं.

तो पाणवठा मी कधी पाहिलाच नाही. आता तिथे खाण आहे.