'लाल बल्ब'वरचा शेवटचा फोटो

गुरुवार, ५ जून २०२५. पायसान्दू. सकाळी दाट धुकं, नदी दिसली नाही. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. 'लाल बल्ब'वरचा सगळा मजकूर उतरवून झाला. चौथी वही संपली. उद्यापासून फोटो.

उरुग्वेतल्या पायसान्दू गावच्या सत्त्याहत्तर वर्षांच्या नेलिदाबाईंनी डायरीतली नोंद दुपारीच करून टाकली खरी, पण उद्यापर्यंत त्यांना दम निघेना. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या.

'लाल बल्ब' म्हणजे फोटोचं वेड असलेल्या लोकांची इंटरनेटवरची बैठक. शेजारच्या साल्तो शहरातल्या एबेरने ती एकोणीस वर्षांपूर्वी सुरू केली आणि फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतल्या लाल दिव्यावरून नाव ठेवलं. नियम एकच: दर गुरुवारी एक फोटो टांगायचा, आणि आधी चूक दाखवल्याशिवाय कुणी कुणाचं कौतुक करायचं नाही. एके काळी तीनशे माणसं तिथे हमरीतुमरीवर यायची. मग नुसता बदाम दाबला की भागतं, अशा नव्या जागा निघाल्या. एकेक जण तिकडे गेला. आता चौघे उरले होते, आणि तीस जूनला एबेर बैठक कायमची बंद करणार होता.

नेलिदाबाईंचा नवरा दागोबेर्तो. पोस्टाच्या खिडकीवर जन्म काढला आणि निवृत्तीनंतर गळ्यात कॅमेरा अडकवला. त्याच्या सगळ्या फिल्म नदीच्या पुरात गेल्या. जे काही राहिलं ते 'लाल बल्ब'वर. शेवटचा फोटो त्याने जाण्याच्या आठवडाभर आधी टांगला: नेलिदाबाई दोरीवर चादरी वाळत घालताहेत. तो दाखवायला आला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "माझी पाठ काय बघायची? कणीक भिजवतेय, दिसत नाही का?" पुढे तीन वर्षं तो फोटो बघायची त्यांची छाती झाली नाही.

मार्चमध्ये बैठक बंद होण्याची सूचना आली तेव्हा मात्र त्यांनी वह्या आणल्या. शाळेतल्या नन्सनी लावलेली शिस्त होती: पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची, मधली एकही गाळायची नाही. फोटो काय, एका बोटाने उतरतील. शब्द आधी. जुनं यंत्र फोटोंच्या ओझ्याने अडायचं, म्हणून भाचीने फोटो न दाखवण्याची सोय करून दिली होती.

ती सोय आज त्यांनी काढली. इतरांचे फोटो एकामागून एक उघडले. दागोबेर्तोच्या जागी करडा चौकोन. खाली बारीक अक्षरात: ५ एप्रिल रोजी काढून टाकला. दुसऱ्या पानावर तेच. शेवटच्या पानावरही तेच.

त्यांनी साल्तोला फोन लावला. एबेर त्यांना आदराने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा.

"एबेर, दागोबेर्तोचे फोटो कुठे आहेत?"

"माझ्याकडे कुठली जागा, दोन्या नेलिदा? जो तो आपले फोटो इंटरनेटवरच्या कुठल्यातरी फुकटच्या कोठारात ठेवायचा. इथे नुसता पत्ता. आणि ही युक्ती कुणाची? तुमच्याच नवऱ्याची! पोस्टातला माणूस, त्याला पत्त्याशिवाय दुसरं काय सुचणार?" तो हसला. मग त्याचा आवाज खाली आला. "तीन वर्षं खातं उघडलं नाही, की पुसतात हो ते लोक. पण आधी तीनदा कळवतात. मेलवर."

"कुणाच्या?"

"त्याच्याच."

तो मेल नेलिदाबाईंनी अंत्यविधीच्या आठवड्यातच बंद केला होता. बँक, टेलिफोन, क्लब, मेल. त्या दिवशीच्या डायरीत नोंदही होती: द.चं सगळं आवरलं, काही बाकी नाही.

"तुझ्याकडे एखादी प्रत?"

"नाही हो."

"चादरींचा फोटो आठवतो?"

"आठवतो की. सुंदर होता."

"नियम विसरलास? आधी चूक सांग."

एबेरने नाक ओढलं. "डावा कोपर कापला गेला होता. मी म्हटलं, म्हाताऱ्या, बायकोचा हातच तोडलास की रे!"

"ते लिहिलंय मी. पुढे?"

"पुढचं… खरंच नाही आठवत, दोन्या नेलिदा."

फोन ठेवून त्यांनी चौथी वही शेवटच्या पानावर उघडली. त्या फोटोखाली चौघांनी लिहिलं होतं. कोपर कापलाय. आकाश फार पांढरं. दोरी डोक्यातून गेल्यासारखी दिसते. आणि चौथं: बाईंनी मान वळवलीय, हसायच्या बेतात आहेत, घाई केलीस, क्षणभर थांबायला हवं होतंस.

म्हणजे नुसती पाठ नव्हती. आपण वळलो होतो. तो काहीतरी बोलला असणार. काय बोलला, ते आठवायला त्या अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या. त्या आठवड्यातल्या डायरीतही बघितलं. त्या दिवसापुढे लिहिलं होतं: ऊन चांगलं, चादरी वाळल्या.

मग त्यांनी दुपारच्या नोंदीखाली, फोटोंचं नाव न काढता, एक ओळ घातली.

संध्याकाळी भोपळा उकडला. मीठ संपलं आहे.