सातवी ‘ब’ची हजेरी

मंदाकिनी कारखानीस बाईंचा आवाज ज्यांनी वर्गात ऐकलाय, त्यांना तो जन्मभर पुरतो. मला पुरलाय. सातवी ‘ब’, हजेरी क्रमांक पंधरा, साईनाथ तानाजी केंजळे. बाई भूगोल शिकवायच्या आणि हजेरी पूर्ण नावानं घ्यायच्या. त्या हाकेत ना राग, ना लोभ. ‘हजर’ म्हणायला जरा उशीर झाला की पेन गैरहजेरीच्या रकान्यात टेकलंच. तक्रार केली तर म्हणायच्या, “मी हाक मारली तेव्हा तू नव्हतास.”

पुढे मी चष्म्याचं दुकान टाकलं, लग्न केलं आणि डोंबिवलीत घर घेतलं ते नेमकं बाईंच्याच इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर. त्यांचा मुलगा सलिल माझ्याच वर्गातला, माझ्या आधीचा, नंबर चौदा. बिचाऱ्याला घरी शाळा आणि शाळेतही शाळाच. आता तो माजिवड्याला एका कंपनीत आहे. रोज मोटरसायकलनं शीळफाट्यावरून जातो, आणि तो परत येईपर्यंत बाई सत्तरीतसुद्धा गॅलरीत उभ्या असतात. कुणी विचारलं तर तुळशीला पाणी घालतेय म्हणतात. खरंच इतकं पाणी घातलं असतं, तर ती तुळस केव्हाच कुजली असती.

गेल्या वर्षी संचिता नावाची त्यांची एक विद्यार्थिनी त्यांना शोधत आली. ती आमच्यापेक्षा बरीच धाकटी, बाळकुमच्या एका स्टुडिओत परदेशी मालिकांचं मराठी डबिंग करून घेते. तिच्याकडे तेव्हा एका जुन्या सिनेमावरून बनवलेली मालिका आली होती. पुढच्या काळातलं एक बंदिस्त शहर. तिथली हवा सगळ्यांना पुरत नाही, म्हणून रोज सकाळी भोंग्यावरून एक बाई नावं वाचते. ज्यांची नावं येतील त्यांनी दिवस मावळायच्या आत शहराच्या भिंतीबाहेर जायचं. बाहेर गेलेलं कुणी परत येत नाही. सिनेमात म्हणे ही यादी एकदाच वाचतात. मालिकेचे भाग दहा, त्यामुळे दर भागात तीन नावं. त्या भोंग्यासाठी संचितानं चार नट्या ऐकून पाहिल्या, पण प्रत्येकीच्या आवाजात कुठेतरी माया उरायचीच. मग तिला बाई आठवल्या.

बाई खुशीत गेल्या, ठेवणीतली साडी नेसून. हातात आलेल्या कागदावर नावांच्या जागा रिकाम्या होत्या, कारण मराठीत मराठी नावं घ्यायची असं ठरलं होतं. संचिता म्हणाली, “बाई, सुचतील ती घ्या.” एकतीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला असं सांगू नये. बाईंनी डोळे मिटले आणि सातवी ‘ब’ सुरू केली. आमच्या शाळेत मुलंमुली एकाच हजेरीत, आडनावाच्या क्रमानं. अत्रे, अभ्यंकर, अहिरे अशी तीस नावं बाईंनी एकदाही न अडखळता घेतली. काचेपलीकडचे लोक गप्प झाले आणि बाईंना ती शाबासकी वाटली.

दर शुक्रवारी एक भाग यायचा. पहिला आला तेव्हा आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धमाल उडाली. हेमा अहिरेनं स्वतःच्या नावाचा तुकडा कापून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘मी भिंतीबाहेर चालले, आता भाजी कोण आणणार?’ सगळे पोट धरून हसलो. आठव्या दिवशी हेमा गेली. मेंदूत रक्तस्राव झाला. वय एकोणचाळीस. तिला बीपी होतं, गोळ्या चुकवायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि तसं आम्ही एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

तिसऱ्या भागात इनामदार, उतेकर आणि ओक. त्यानंतरच्या मंगळवारी भर दुपारी चांगदेव उतेकर शीळफाट्याजवळ ट्रेलरखाली आला. हेल्मेट डोक्यावर होतं. त्या दिवसापासून ग्रुपवर कुणी विनोद केला नाही. बाईंना जाब विचारायचीही कुणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाकडे निघालो, तर बाई जिन्यात उभ्या. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मोजे घसरले म्हणून आम्हाला वर्गाबाहेर उभं करणाऱ्या या बाई.

“साईनाथ, पाचव्या भागात सलिल आहे,” त्या म्हणाल्या.

“बाई, ग्रहण म्हणजे नुसती सावली, हे तुम्हीच शिकवलंय ना आम्हाला?”

“शिकवलंय. तरी मला बाळकुमला ने.”

“पाचव्या भागात मीपण आहे.” मी हसून म्हणालो. कांबळे, कारखानीस, केंजळे.

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

माझ्या जुन्या गाडीतून आम्ही निघालो. मी वाटेत त्यांची बरीच समजूत घातली. तीस माणसं म्हटली की वर्षभरात एखाददुसरं काही घडतंच, नावं घेतली नसती तरी घडलं असतं, वगैरे. बाई पर्स पोटाशी धरून ऐकत होत्या. शीळफाट्याच्या सिग्नलला एक ट्रेलर आमच्या अगदी लगत येऊन थांबला. त्याचं चाक माझ्या खिडकीपेक्षा उंच होतं. मी बोलायचा थांबलो आणि काच वर घेतली, जणू काचेनं काही अडणार होतं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. भीती वाटली म्हणून स्वतःचाच रागही आला.

संचितानं सगळं ऐकून घेतलं. हेमा आणि चांगदेव आमच्या वर्गातले होते हे तिला ठाऊकच नव्हतं. ती खुर्चीत मागे टेकून बसली.

“बाई, पाचवा भाग उद्या मालिकेच्या मालकांकडे जातोय. उच्चार चुकलाय असं सांगून मी एक ओळ बदलू शकते. एकच. दोन मागितल्या तर ते अख्खा भाग परत तपासायला घेतील, आणि मग नाहीच म्हणतील.”

एक ओळ म्हणजे एक नाव. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं नव्हे. त्या मला विचारत होत्या, आणि विचारताना लाजत होत्या.

“सलिलचं बदला,” मी म्हणालो. “माझा कुठे विश्वास आहे असल्या गोष्टींवर.”

बाई माइकसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथेच अडल्या. सलिलच्या जागी कुणाचं नाव घालायचं? संचितानं सुचवलं, “गंगुबाई काहीतरी घ्या.”

“गंगुबाई आमच्या तळमजल्यावर राहते,” बाई म्हणाल्या.

“जगन घ्या.”

“दूध टाकतो तो जगनच. त्याला दोन लहान मुली आहेत.”

“मग असं नाव घ्या, जे कुणाचंच नाही.”

“कुणाचंच नाही असं नाव नसतं गं. कुठे ना कुठे कुणीतरी ‘हजर’ म्हणतंच.” त्यांनी पदर खोचला. “लाव तुझं मशीन.”

त्यांनी नाव घेतलं. मंदाकिनी प्रभाकर कारखानीस.

मी काचेवर हात मारला, पण आतलं बाहेर येतं, बाहेरचं आत जात नाही. संचिताचा चेहरा उतरला होता. तरी काम ते काम. ती आतल्या स्पीकरमधून हळूच म्हणाली, “बाई, आवाज कापतोय. हे चालणार नाही.” दुसऱ्यांदाही कापला. तिसऱ्यांदा बाईंनी डोळे मिटले, मान ताठ केली आणि मला लहानपणापासून ठाऊक असलेल्या त्या आवाजात स्वतःचं नाव असं घेतलं, की हे नाव ज्या कुणाचं असेल तिची मला दया आली.

परतताना बाई एवढंच म्हणाल्या, “मला तुझंही बदलायचं होतं.” मी म्हटलं, “माहीत आहे, बाई.” एकच नाव बदलायचं तर सलिल किंवा मी असे दोनच पर्याय होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी त्यांचा पोरगा निवडला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि तरी गाडी चालवताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळिशीला आलेल्या माणसानं बाईंनी आपल्याला निवडलं नाही म्हणून रडावं, हे काही बरं नव्हे.

पाचवा भाग आम्ही बाईंच्या हॉलमध्ये बसून पाहिला. सलिल, मी आणि माझी बायको देवयानी. पडद्यावर करड्या रंगाच्या शहरात लोक खिडक्यांमागे उभे होते. भोंगा खरखरला. कांबळेचं नाव आलं. मग, “मंदाकिनी प्रभाकर कारखानीस.”

सलिल चमकला. “आई, तू स्वतःचंच नाव कशाला घेतलंस?”

“आकडा भरायला,” बाई म्हणाल्या आणि चहाचे कप गोळा करायला लागल्या. माझ्या कपात चहा तसाच होता. तेवढ्यात भोंग्यातून माझं नाव आलं, वडिलांच्या नावासकट. देवयानी हसली. मी कप घट्ट धरून बसलो. बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजता मला वरून फोन येतो. “साईनाथ तानाजी केंजळे.” मी म्हणतो, “हजर.” मग माझी पाळी. विद्यार्थ्यानं बाईंची हजेरी घ्यायची हे मला सुरुवातीला जमेचना. त्यांनीच दरडावलं, पूर्ण नाव घे. त्या ‘हजर’ म्हणतात आणि फोन ठेवतात. गिऱ्हाईक समोर असलं तरी मी उचलतो. देवयानी म्हणते, तुम्ही दोघं ठार वेडे आहात. मालिका संपून दोन महिने झाले. बाकीचे सगळे धडधाकट आहेत, मी ग्रुपवर रोज पाहतो. तरी हल्ली रस्ता ओलांडताना मी दोनदा थांबतो आणि डोकं दुखलं की मला हेमा आठवते.

काल सातला फोन आला नाही. सव्वासात झाले. मी दुकान तसंच उघडं टाकून घरी धावलो, जिना एका दमात चढलो. बाईंचं दार लोटलेलं होतं. फोन टेबलावर, आणि बाई गॅलरीत पाठमोऱ्या, कठडा धरून. मला आत पाऊल टाकवेना. मी दारातूनच म्हटलं, “मंदाकिनी प्रभाकर कारखानीस.”

उत्तर नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.

“हजर,” त्या म्हणाल्या. नजर रस्त्यावरच होती. “सलिल अजून आला नाही रे.”

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. “साईनाथ तानाजी केंजळे,” त्या पुटपुटल्या. मी ‘हजर’ म्हणालो. मग आम्ही दोघं कठडा धरून शीळकडून येणाऱ्या गाड्यांचे दिवे बघत राहिलो.